कासरा सत्यभामाबाईच्या हाती

आंबागडात एक गोष्ट पक्की ठरून गेली आहे. टाळेबंदीच्या उन्हाळ्यात डोमाजीनं मोडक्या पायानिशी तेलंगणातून बैलगाडी हाकत आणली. एक पाय बांबूच्या कामट्यांत बांधलेला, दुसरा धुरेवर, कासरा दातांत, आणि मागं बायको पदरात तोंड खुपसून रडते आहे. वाटेत वाघ. सांगणारा साधा असला तर वाघ एक, जरा रंगात आलेला असला तर दोन. शेजारच्या भय्याजीच्या तोंडून ऐकलं तर वाघीण पिलांसकट असते आणि डोमाजी तिला नुसत्या नजरेनं रस्त्यातून बाजूला करतो.

यातलं खरं एवढंच, की पाय मोडला होता. कासरा दातांत नव्हता आणि डोमाजीच्या हातातही नव्हता. तो सत्यभामाबाईच्या हातात होता, मिरचीच्या वावरापासून गावच्या शिवेपर्यंत. रडायला तिला सवड नव्हती. वाघ म्हणाल तर एकच होता, आणि तोही कोणाला दिसला नाही.

डोमाजी एके काळचा पटाचा धुरकरी. धान निघालं की गावोगावी शंकरपट भरायचे, बैलांच्या शर्यती. हलक्या छकड्यावर उभं राहून जोडी उधळवायची, तर हात भरवशाचा लागतो. मोहाडीपासून नाकाडोंगरीपर्यंत ज्याला असा हात हवा असे, तो डोमाजीच्या दारात येई. घरची शेती नावाला, रुबाब सगळा धुरेवरचा. पटाच्या छकड्याला बाईचा हात लागू द्यायचा नाही, जू बाईनं ओलांडायचं नाही, हा त्या लोकांचा दंडक, आणि डोमाजी त्यात जरा जास्तच कडक. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सत्यभामाबाईनं अंगणात पडलेला कासरा उचलून खुंटीला टांगला, तर या माणसानं तो धुऊन घेतला. त्याच संध्याकाळी तो बुद्धविहारात समतेवर बोलून आला, हे आळी अजून विसरलेली नाही.

पुढे पटावर बंदी आली. छकडा आढ्याला टांगला गेला, जोडी विकली गेली, आणि डोमाजी वाऱ्यावर पडल्यासारखा झाला. मुलगा अतुल भंडाऱ्याला नोकरीला लागलेला, त्याच्याकडे जाऊन राहायचं तर तिथं बैल कुठले? मग सत्यभामाबाई त्याला दरवर्षी आपल्यासोबत मिरची तोडायला न्यायला लागली. आपल्याकडची कितीतरी घरं धान झालं की तेलंगणात मिरचीला जातात. मजुरी मिरचीतच मिळते. येताना पोती आणायची, वर्षाची सोय करायची, उरली ती बाजारात विकायची.

त्या वर्षी त्यांच्या जोडीला नाकाडोंगरीचं एक घर होतं. बाबुलाल, त्याची बायको रुपा आणि त्यांची लहानगी गुड्डी. मल्लय्या नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात काम संपत आलं आणि सगळं बंद झालं. गाडी नाही, बस नाही, ट्रक नाही. बाकीच्या टोळ्या डोक्यावर गाठोडी घेऊन रातोरात पायी निघाल्या. ही दोन घरंही निघणार, तेवढ्यात डोमाजीनं घात केला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पोती उतरवताना कोणीतरी म्हणालं, "मामा, सांभाळून जी, वय झालं." वय काढलेलं डोमाजीला कधीच सोसलं नाही. त्यानं पटातल्यासारखी वरून उडी टाकली. नडगीचा आवाज रुपानं चुलीपाशी ऐकला.

गावातल्या हाडवैद्यानं कामट्या बांधल्या. दवाखाना लांब, आणि तिथं जायचे रस्ते अडवलेले. पाय सुजून काळानिळा झाला.

"तुमी निंगा," डोमाजी बाबुलालला म्हणाला. "हिलेबी घेऊन जा. मी राहातो इथं. रस्ते खुलले की येईन."

"अन् मंग कोण येते?" सत्यभामाबाई म्हणाली. "तुमी का तुमची बातमी?"

ती उठून मल्लय्याच्या घरी गेली. भाषेचा तिढा होताच. तिची मराठी, मल्लय्याच्या बायकोची तेलुगू, आणि मध्ये दोघींनाही अर्धवट येणारी हिंदी. पण दोघींचेही नवरे हट्टी होते, तेव्हा मुद्दा लवकर कळला. गोठ्याच्या मागं एक जुनी गाडी होती आणि एक उतारवयाची जोडी. एक बैल ठिपक्यांचा, दुसरा शेपूट तुटका. सत्यभामाबाईनं तिथल्या तिथं त्यांची नावं ठेवली, कवड्या आणि बांड्या. तिनं मल्लय्याच्या बायकोचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मृग के पहले जोडी वापस. जिंदा." त्या बाईनं मान हलवली, आणि जोडी हाकायचे दोन शब्द तिला शिकवले. पदा म्हणजे चला. आगू म्हणजे थांबा.

गाडी हाकायची कोणी, हा प्रश्न आधी बाबुलालनं सोडवायला घेतला. पण बाबुलालचा जन्म खाणीच्या वळचणीचा. त्याला मोटरसायकलचा गिअर कळे, बैलाचा मुळीच नाही. पहिल्याच वळणाला त्यानं गाडी नालीत घातली. डोमाजी आत पोत्यांवर होता, तो कळवळला. गुड्डी रडायला लागली. सत्यभामाबाईनं पदर खोचला, जू ओलांडून पलीकडे गेली, बांड्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि कासरा उचलला.

"अतुलची आई," डोमाजी मागून म्हणाला. आवाजात पायाचं दुखणं होतं, का दुसरं काही, कळायला मार्ग नव्हता. "ठेव तो."

"घरी गेल्यावर धुऊन घ्या," ती म्हणाली. "पदा!"

जोडी चालायला लागली.

पुढचे दोन मुक्काम डोमाजी मागून ओरडतच होता. डावा दाब, उजवा सोड, चढावर खेच, उतारावर कासरा आवर. एकदा तर त्यानं पटातली खास आरोळी दिली, ज्या आरोळीवर एके काळी बैल अंगात आल्यासारखे उधळत. कवड्यानं कान हलवला आणि शेण टाकलं. त्या बैलांना मराठी कळतच नव्हतं. बाबुलाल तोंड फिरवून हसला. डोमाजीनं मग शेला तोंडावर ओढला आणि गप्प पडून राहिला. गाव आलं की तो शेला आणखी घट्ट धरायचा. बायकोनं गाडी हाकावी आणि आपण पोत्यासारखं आत पडावं, हे कोणी बघू नये म्हणून. सत्यभामाबाईला ते मागं न बघताही कळत होतं. पाय भरून येईल, याची तिला कशीबशी खात्री होती. पण हा शेला घरी पोचेपर्यंत तोंडावरून निघेल का? नाही निघाला, तर आपण घरी माणूस आणला का नुसतं त्याचं वजन? वाटभर तिला याच गोष्टीचा घोर होता.

नाक्यावर शिपायांनी अडवलं. मोटारींना बंदी, बसला बंदी, पायी येणाऱ्यांना थांबवून ठेवायचं. बैलगाडीबद्दल कोणत्याच हुकमात काही नव्हतं.

"गाडी नंबर?" शिपायानं विचारलं.

"दोन," सत्यभामाबाईनं बैलांकडे बोट केलं.

तो हसला, पाण्याची बाटली गुड्डीच्या हातात दिली आणि काठी वर केली. असे दिवस सगळेच आले असते तर गोष्ट सोपी होती.

पुढे डांबरी रस्ता तापला. बैलांच्या खुरांचे नाल झिजून उडाले आणि कवड्या पुढचा पाय उचलून धरायला लागला. सत्यभामाबाई गाडी रस्त्याच्या कडेनं, मातीतून न्यायला लागली. पहाटे निघायचं, ऊन चढलं की झाडाखाली सोडायचं, ऊन उतरलं की पुन्हा जुंपायचं. मूल गावाच्या पलीकडे जंगलातून जाताना एका वळणावर दोन्ही बैल आपोआप उभे राहिले. दिवस मावळायला अजून अवकाश होता. पदा म्हटलं तरी हालेनात. नाकपुड्या फुगलेल्या, कातडी थरथरणारी. रुपानं गुड्डीचं तोंड पोटाशी दाबून धरलं. बाबुलालनं काठी उचलली आणि मग कोणावर उगारायची ते न कळून खाली ठेवली. बऱ्याच वेळानं बांड्यानं एक लांब श्वास सोडला आणि स्वतःहून पाऊल टाकलं. एवढाच तो वाघ.

खरी गाठ माणसांशी पडली.

मिरचीचं एक असतं. पोती उन्हात तापली, गाडी हिंदकळली, की तिचा बारीक धूर सुटतो, डोळ्यांना न दिसणारा, घशाला मात्र बरोबर सापडणारा. गाडीबरोबरची सगळी माणसं सकाळपासून ठसकत असायची. डोमाजी तर पोत्यांवरच झोपलेला, त्याचा खोकला कोसावरून ऐकू यावा असा. आणि ते दिवस असे, की कोणी साधं शिंकलं तरी गाव दारं लावून घेई. नागभीडच्या आधी एका गावाच्या तोंडाशी रस्त्यावर बोरीच्या काट्या टाकलेल्या होत्या, आणि काट्यांच्या पलीकडे लाठ्या घेतलेली माणसं. गाडी लांबूनच खोकत येताना त्यांनी ऐकली होती.

"तिथंच थांबवा! पुढं येऊ नका!"

"बाप्पाहो, पाणी पाह्यजे," सत्यभामाबाईनं हाक दिली. "आमाले नका देऊ. बैलायले द्या. कालपासून तहानलेले हायेत."

"बीमारी घेऊन आले अन् पाणी मांगून राहिले! वापस जा!"

हापसा समोरच होता, लिंबाखाली. तिथून पाणी ओघळून चिखल झालेला दिसत होता, आणि कवड्या त्या दिशेनं मान लांबवून उभा होता. पाण्यापासून दूर उभं राहायची गोष्ट सत्यभामाबाईला तिच्या आजीनं सांगितली होती. ऐकताना ती गोष्ट जुनी वाटे. आता ती स्वतः तिथं उभी होती, आणि कारण तेवढं नवं होतं.

तिनं कासरा धुरेला गुंडाळला. मग खाली उतरली, रस्त्याच्या कडेला तीन दगड मांडले आणि रुपाला म्हणाली, "चूल पेटव वं." चूल पेटली. इंगळ झाले. सत्यभामाबाईनं एका पोत्याचं तोंड सोडलं, ओंजळभर लाल मिरची काढली, आणि वारा कुठल्या बाजूला वाहतो आहे ते बघून सगळीच्या सगळी इंगळावर टाकली.

बघता बघता काट्यांपलीकडची फौज वाकली. सरपंच खोकला, लाठीवाले खोकले, मास्कवाले मास्क काढून खोकले. एक पहिलवान गडी तर हापश्याला मिठी मारून ठसकत होता.

"आता काय झालं जी तुमाले?" सत्यभामाबाईनं पदर नाकाला लावून विचारलं. "सगळ्या गावालेच लागली का बीमारी?"

कोणीतरी आधी हसलं. खोकत खोकत हसलं, आणि मग हसणं पसरत गेलं. डोळे पुसत एक म्हातारा पुढे आला, त्यानं काट्या काठीनं बाजूला लोटल्या आणि बादली उचलली. "पाण्यावर कोणी पहारा ठेवते काय, बाप्पा," तो मागच्यांना म्हणाला. बैल पाणी प्याले ते पोटं फुगेपर्यंत. गावानं बैलांना धानाचं तणस दिलं, माणसांना भात दिला, डोमाजीच्या पायाला लेप दिला. जवळ कोणी आलं नाही. सगळं मध्ये ठेवायचे आणि मागं सरकायचे. सत्यभामाबाईनंही मिरची तशीच मध्ये ठेवली.

पण त्या मुक्कामाला कवड्यानं बसकण मारली ती उठायलाच तयार नव्हता. खुराची वाटी रक्ताळली होती. ओझं कमी केल्याशिवाय तो चालणार नाही, हे बैलातलं काही न कळणाऱ्या बाबुलाललाही कळलं. ओझी दोनच होती. मिरची आणि डोमाजी. हाकणारी सोडून बाकीचे सगळे पायीच चालत होते, गुड्डी तेवढी डोमाजीच्या कुशीला.

डोमाजीनं खूप वेळानं तोंडावरचा शेला काढला. "अतुलची आई, आयक. मले इथल्या शाळेत टाक. गाव भलं दिसते. मिरची घेऊन जा, सालभर खासाल. मले नेऊन काय करता? पट गेला, जोडी गेली. आता पायबी गेला. बायको हाकते अन् मी मुकाट्यानं जाऊन राहिलो. लोकायले कोणतं तोंड दाखवू?"

सत्यभामाबाई कवड्याचा खूर मांडीवर घेऊन बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "मिरची मुकाट पडून राहाते, तुमी बडबड करता. टाकाचंच असतं तर कोणाले टाकलं असतं, सांगा बरं?"

बाबुलाल हसला. डोमाजी नाही हसला.

तिनं पोती उतरवली. तिचीही आणि बाबुलालचीही. त्याला विचारलं, त्यानं रुपाकडे पाहिलं, रुपानं मान हलवली. दोन घरांची अख्ख्या हंगामाची मेहनत तिथल्या लोकांत वाटली गेली. त्या गावात त्या वर्षी वरण जहाल झालं असेल. रिकाम्या पोत्यांचे तुकडे कापून तिनं बैलांच्या पायात जोडे शिवले, आत तणस भरलं, वरून सुतळी. रोज पहाटे ते जोडे ओले करायचे, घालायचे, आणि निघायचं. झिजले की पुढचं पोतं. पवनी मागं पडली, अड्याळ मागं पडलं. भंडाऱ्याच्या पुलावरून वैनगंगा दिसली तेव्हा रुपा पहिल्यांदा मोठ्यानं रडली. फोनवर निरोप मिळालेला अतुल पुलाच्या टोकाशी उभा होता. त्याला जवळ येऊ देत नव्हते. त्यानं लांबूनच हात जोडले. आणलेली भाकरीची पिशवी रस्त्यात ठेवून तो मागं सरला. डोमाजीनं मात्र शेला ओढून घेतला होता. मुलालाही त्यानं तोंड दाखवलं नाही.

सत्यभामाबाईनं ते पाहिलं. तुमसर मागं पडलं तरी तिच्या डोक्यात तोच शेला होता.

आंबागडचा डोंगर दिसायला लागला. गावाबाहेरच्या बोडीची, म्हणजे छोट्या तळ्याची, पाळ आली. एका वळणापलीकडे शाळा, आणि बाहेरून येणाऱ्यांना तिथंच ठेवणार होते, म्हणून निम्मं गाव लांब लांब उभं राहून वाट बघत होतं. सत्यभामाबाईनं पाळीआड "आगू" म्हटलं. जोडी थांबली. ती खाली उतरली.

"अतुलचे बाबा, पुढं या."

"काहून?"

"माझे हात दुखले."

इतक्या वाटेत तिचे हात दुखल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. डोमाजी तिच्याकडे बघत राहिला. तिच्या तळहातांना कासऱ्यानं पडलेले घट्टे त्यानं तेव्हा पहिल्यांदा पाहिले असावेत. बाबुलालनं त्याला बगलेत धरून पुढे बसवलं, बांधलेला पाय पेंढीवर टेकवला. सत्यभामाबाईनं त्याच्या तोंडावरचा शेला काढला, झटकला आणि डोक्याला बांधून दिला. धुरकऱ्याचा बांधतात तसा, शेव मागं सोडून. मग कासरा त्याच्या हातात दिला आणि स्वतः गाडीमागं जाऊन उभी राहिली.

डोमाजीनं कासरा झटकला. बैल ढिम्म. त्यानं आरोळी दिली. ढिम्म. त्याला तो तेलुगू शब्द माहीत नव्हता असं नाही, सगळी वाट ऐकत आला होता. पण तोंडातून फुटेना. तेव्हा मागून, पदर तोंडाला लावलेल्या बाईनं हळूच म्हटलं, "पदा."

गाडी वळणावरून पुढे आली. गावानं पाहिलं ते हे: सुजलेल्या पायानं, ताठ कण्यानं, शेल्याची शेव उडवत डोमाजी जोडी हाकत येतो आहे, आणि त्याची बायको मागून तोंडाला पदर लावून चालते आहे. भय्याजी सगळ्यात पुढं उभा होता. पुढचं सगळं त्याचं. वाघीण त्याची, पिलंही त्याचीच.

मृगाच्या आधी एका टेम्पोत कवड्या आणि बांड्या परत गेले, जिवंत, पायांत नवे नाल ठोकून. मल्लय्याच्या बायकोचा निरोप आला, की गाडी ठेवून घ्या. ती अजून अंगणात आहे, कोंबड्या तिच्यात अंडी घालतात. डोमाजीचा पाय जुळला, जरा आखूड जुळला. कासरा काही त्यानं धुतला नाही. तो खुंटीला टांगलेला आहे, आणि आता घरात कोणीही उचलतं.

पटावरची बंदी उठली तेव्हा पहिल्याच पटाला कमिटीनं डोमाजीचा सत्कार ठेवला. नारळ, शेला, लाऊडस्पीकर. निवेदक म्हणाला, मोडक्या पायानं परराज्यातून जोडी हाकणारा आपला वाघ! डोमाजी लंगडत पुढे गेला, माईक हातात घेतला आणि म्हणाला, "गाडी मी नाई हाकली. ते अतुलच्या आईनं हाकली. मी मागं पडून होतो."

आणि सगळा पट हसला. टाळ्या वाजल्या. केवढा मोठेपणा, लोक म्हणाले, बायकोलाही वाटा देतो! डोमाजी पुन्हा सांगायला गेला, तर आणखी टाळ्या. तो खाली उतरला, गर्दीतून वाट काढत बायांच्या घोळक्यापर्यंत गेला, आणि सत्काराचा शेला सत्यभामाबाईच्या खांद्यावर टाकून तिच्या शेजारी मातीत बसला. पलीकडे झेंडी पडली, जोड्या सुटल्या. पटाचा नाद असलेला हा माणूस, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भय्याजी कुंपणाशी आला. डोमाजीचं बोलणं त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. इतके दिवस सांगितलेली गोष्ट हातची जाते की काय, ही धास्तीही होतीच. सत्यभामाबाई कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"सत्यभामाबाई, खरं सांगा जी. गाडी कोणं हाकली? अन् तुमी हाकली, तं इतके दिवस चूप काहून बसल्या?"

तिनं हातातले दाणे संपवले, हात झटकले आणि म्हणाली, "मले माणूस घरी आणाचा होता, तो आणला. गाडी कोणं हाकली ते बैलायले माहीत हाये. तुमी आपलं तोंड हाका, भय्याजी."